भिंगरीची जप्ती

आमच्या घराण्यात गाडी चालवणारं माणूस एकच, आणि त्याला मिशा नाहीत. ती माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती फ्रॉकातली पोर होती. तिला एका जागी बसवायचं म्हणजे पारा चिमटीत धरायचा. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणायच्या, "हिच्या पायाला भिंगरी बांधूनच देवानं खाली सोडली." तेव्हापासून ती भिंगरी. आता डोकं पांढरं झालं, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, पण नाव काही बदललं नाही आणि पायही थांबले नाहीत.

भिंगरी लाँड्रीचा टेम्पो चालवते. मोठ्या दवाखान्याच्या चादरी आमच्या भागातल्या लाँड्रीत धुतात. धुतलेल्यांचे गठ्ठे सकाळी नेऊन टाकायचे आणि मळक्यांची गाठोडी परत आणायची. ऐकायला सोपं वाटतं. पण चादर वेळेवर गेली नाही तर ऑपरेशन झालेला माणूस उघड्या गादीवर पडतो, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. ती म्हणते, "वहिनी, माणूस चादरीवर जन्मतो आणि चादरीवरच जातो. मधे काय ते थोडं फिरणं. म्हणून मी फिरून घेते."

हा टेम्पो आधी तिचे यजमान चालवायचे. मी त्यांना भावजी म्हणते. माणूस बोलायला कमी, पण बोलला की खिळा ठोकल्यासारखा. भिंगरी तेव्हा त्याच लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायची. मग साखरेच्या दुखण्यानं भावजींचे डोळे गेले. आधी अंधुक, मग धूर, मग काहीच नाही. मालकांनी वाईट वाटून सांगितलं की आता दुसरा ड्रायव्हर बघावा लागेल. भिंगरी हातातली चादर खाली न ठेवता म्हणाली, "कशाला बघता? मी आहे की."

मालक हसले. "बाई, घडी घालणं वेगळं आणि गाडी चालवणं वेगळं."

"असं कसं, शेठ? चादरीला चार कोपरे, टेम्पोलाही चार. कोपरे सांभाळले की झालं."

आणि तिला गाडी शिकवली कोणी? डोळे गेलेल्या नवऱ्यानं. लाँड्रीच्या मागच्या अंगणात चादरी सुकत घातलेल्या असायच्या, दोन दोरांवर, समोरासमोर. मधून टेम्पो न्यायचा. चादरीला धक्का लागला की मागे घ्यायचा आणि पहिल्यापासून. भावजी शेजारच्या सीटवर मान जराशी वाकडी करून इंजिन ऐकत बसायचे.

"अगं, रडतंय ते. तिसरा टाक."

"तिसरा कुठंय?"

"दुसऱ्यातून वर. आणि तो माझा गुडघा आहे, गिअर अलीकडे."

त्यांना दिसत नाही म्हणून ती समोरचं सगळं बोलून सांगायची. डावीकडे खांब, पुढे कुत्रं झोपलंय, आरशात चादरीचं टोक दिसतंय, आता नाही दिसत. ते ऐकायचे आणि सांगायचे. लायसनच्या परीक्षेच्या दिवशी साहेब शेजारी बसले तर सवयीनं त्यांनाही सांगत सुटली. "साहेब, समोर सायकलवाला, मी आता दाबते ब्रेक, धरून बसा." साहेब म्हणाले, "बाई, मला दिसतंय." पण पास केलं.

तेव्हापासून भावजी रोज तिच्या शेजारी बसून जातात. डोळे गेले पण रस्ता गेला नाही. ती बोलत राहते, ते ऐकत राहतात. घरी चार भिंतींत बसले असते तर सुकून गेले असते, हे मी आमच्या समोरासमोरच्या दारांतून रोज बघणारी बाई सांगते.

तर त्या लायसनची मुदत महिनाअखेरीला संपत होती. मालकांनी बजावलं, "बाई, मुदत संपली की गाडीला हात लावायचा नाही. आणि फार लांबलं तर पुन्हा पहिल्यापासून परीक्षा." या वयात पुन्हा परीक्षा म्हणजे दोघांचंही बसणं. तिची नोकरी जाणार आणि त्यांचा रस्ता.

लायसनच्या कचेरीत आता खिडकीवर कोणी भेटत नाही. सगळं कॉम्प्युटरवर. अडलंत तर फोन करा, असं म्हणून एक नंबर तेवढा दारावर चिकटवलाय. भिंगरी तो हातावर लिहून आली आणि थेट माझ्या स्वयंपाकघरात घुसली. मागून भावजी, तिच्या खांद्यावर हात ठेवून.

"वहिनी, तुम्हीही ऐका. तीन डोकी बरी."

फोन आम्ही रिकाम्या पातेल्यात ठेवला. पातेल्यात ठेवला की आवाज मोठा येतो, ही भावजींची युक्ती. थोडं वाजंत्र झालं आणि एक बाई बोलू लागली. खरी नाही, भरून ठेवलेली. तिचा आवाज पातेल्यात गरगर फिरत होता. नीट कळलं ते एवढंच: "चालक... अन् जप्ती... नूतनीकरणासाठी दोन दाबा."

भिंगरीचा हात वरच्या वर राहिला.

"काय म्हणाली?"

"जप्ती म्हणाली," मी सांगितलं.

भावजींचे कान आमच्या घरात सगळ्यात तिखट. दोन गल्ल्यांपलीकडे दूधवाल्याची साखळी उतरली तर यांना कळतं. तेही म्हणाले, "जप्तीच. चालक आणि जप्ती."

"आणि ते नूतनीकरण?"

भावजींनी विचार केला. "नूतनीकरण म्हणजे बंद. दुकानांवर पाटी नसते का, नूतनीकरणासाठी बंद? कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाला लावली होती. उघडलं का ते पुन्हा?"

नव्हतं उघडलं. तिथं आता कोंबड्या मिळतात.

आता कोणी म्हणेल, एवढ्यावर विश्वास कसा बसला? अहो, मागच्याच महिन्यात पलीकडच्या गल्लीतला वाळूवाल्याचा ट्रक कागद संपले म्हणून साखळी लावून ओढून नेला होता. ओढून नेताना आम्ही तिघं दारात उभे होतो. कान तरी काय, ओळखीचा शब्द दारात उभा असला की त्यालाच आत घेतात.

भिंगरीनं फोन बंद केला. पातेल्यावर झाकण ठेवलं, जणू आतली बाई बाहेर येईल.

दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती, चार दिवस तशीच गाडी चालवली असती, काय होईल ते होवो म्हणून. भिंगरी सकाळी उठली, टेम्पो धुतला, आरसे पुसले आणि किल्ली नेऊन मालकांच्या टेबलावर ठेवली.

"शेठ, माझ्या नावावर जप्ती निघालीय. गाडी तुमची आहे. माझ्यापायी तुमची गाडी ओढून न्यायला नको."

मालकांनाही घाम फुटला. जप्ती हा शब्दच तसा. कोणाची, कशाची, हे विचारायचंही सुचलं नाही. त्यांनी टेम्पो मागच्या शेडमधे लावून कुलूप ठोकलं आणि दुसरा ड्रायव्हर शोधायला फोन फिरवू लागले.

आणि चादरी? त्या धुऊन, घड्या होऊन बसल्या होत्या. ओल्या चादरी अंगणात न्यायची एक हातगाडी लाँड्रीत असते, चार चाकांची, त्यातलं एक चाक रुसलेलं. भिंगरीनं तिच्यावर गठ्ठे रचले, दोरीनं बांधले आणि निघाली. मालक म्हणाले, "बाई, दवाखाना काय जवळ आहे का?" ती म्हणाली, "आजाऱ्याला काय माहीत लाँड्री लांब आहे ते?"

ती पुढून ओढत होती, भावजी मागून ढकलत होते. मी भाजी घ्यायला बाहेर पडले तर हे ध्यान समोरून येताना दिसलं. पुलाच्या चढावर तिची मान घामानं भिजलेली, आणि मागून भावजींचा आवाज, "अगं, पहिल्यातच ठेव. चढ आहे."

"पहिलाच आहे हो! दुसरा या गाडीला दिलेलाच नाही!"

रिक्षावाला ओरडला, "काय मावशी, टेम्पो वाळला का?"

"वाळेल नाहीतर काय! सुकायलाच घातला होता!"

लोक हसले. तीही हसली. एका हातानं तिनं घाम पुसला, तेव्हा तळहाताला आलेले फोड मला दिसले. मी भाजी घ्यायची विसरले.

असं तिनं किती खेपा केल्या ते मी मोजलं नाही. बघवत नव्हतं. एवढं कळलं की दवाखान्यात एकाही खाटेची चादर चुकली नाही. आणि इकडे मालकांना एक ड्रायव्हर मिळाला, झुपकेदार मिशांचा. महिनाअखेरीनंतर येतो म्हणाला.

मला राहवलं नाही. सरकार असो की आणखी कोणी, माझ्या नणंदेनं कोणाचं काय वाकडं केलं होतं? ती दोघं हातगाडी घेऊन गेली असताना मी माझ्या फोनवरून तोच नंबर लावला. पातेलं घेतलं नाही. ती भरून ठेवलेली बाई बोलायला लागली तशी मी एक दाबलं, दोन दाबलं, जे हाताला लागेल ते दाबलं. मग पेटी वाजत राहिली. डाळ करपली तरी मी फोन सोडला नाही. शेवटी एक खरी मुलगी आली.

"नमस्कार. मी तुमची काय मदत करू?"

"मदत मग कर. आधी ती जप्ती थांबव."

"कसली जप्ती, आजी?"

"मला काय विचारतेस? तुमचीच बाई सांगते ना सगळ्या गावाला! चालक आणि जप्ती. वर नूतनीकरण, म्हणजे कायमचं बंद. माझ्या नणंदेनं आजवर कोंबडीच्या पिल्लालासुद्धा चाक लावलं नाही, आणि तुम्ही तिची गाडी ओढून नेणार?"

 पलीकडून घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज.

"हसतेस?"

"नाही आजी, खोकला आला."

"तुझ्याएवढी नात आहे मला. खोकला कळतो."

मग ती मोकळेपणी हसली आणि तिनं ते सांगितलं. "आजी, अनुज्ञप्ती. अ, नु, ज्ञ, प्ती. अनुज्ञप्ती म्हणजे लायसन. चालक अनुज्ञप्ती नूतनीकरण म्हणजे गाडीचं लायसन पुन्हा नवीन करून घेणं. जप्ती-बिप्ती काही नाही."

मी करपलेल्या डाळीखालचा गॅस बंद केला. "मग लायसन म्हणायला जीभ झिजते का गं तुमची?"

"शब्द आम्ही नाही हो ठेवला. मी पहिल्या दिवशी कामावर आले ना, तेव्हा मलाच वाटलं, चुकीच्या खात्यात आले."

म्हणाली, ज्यांचं लायसन आहे त्या समोर असायला हव्यात. फोन थेट तिलाच लागावा म्हणून तिच्या जागेचा आकडा मी कॅलेंडरवर मोठा करून लिहिला आणि दारात जाऊन उभी राहिले.

दोघं आली, घामाघूम. मी सांगितलं.  भिंगरी उंबऱ्यावर फतकल मारून बसली आणि हसायला लागली. हसता हसता फोडांचे हात डोळ्यांना लावत म्हणाली, "अगं आई गं! एवढे गठ्ठे मी एका 'ज्ञ'पायी ओढले!"

भावजी कधी नव्हे ते ओशाळले. "पण पातेल्यात जप्तीच आली होती," एवढं म्हणाले.

पुढचं मी जे बघितलं, त्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. आम्ही त्या मुलीला पुन्हा फोन लावला. ती माझ्या फोनवर बोलत होती आणि भिंगरी स्वतःच्या फोनवर अर्ज भरत होती. त्या मुलीला आमच्याकडचं काही दिसत नव्हतं. पण भिंगरीला ते नवीन नव्हतं. तिनं पाठ सरळ केली, टेम्पोत बसते तशी, आणि सांगायला सुरुवात केली.

"हां बाळ, आता पांढरं पान आलंय. वर निळा पट्टा. उजव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा. मधे एक चाक गरगर फिरतंय. थांबू?"

"थांबा, मावशी."

"थांबले. चाक गेलं. दोन चौकटी आल्या. वरची भरू?"

"वरची भरा. तुमचा लायसन नंबर."

सहा आकडे मेसेजमधून येणार होते. ते आले. मी म्हटलं, वाच मोठ्यानं. मुलगी घाईनं म्हणाली, "मला सांगू नका हं! कोणालाच सांगायचे नाहीत. तुमचे तुम्हीच घाला." मी चष्मा शोधून आकडे बघेपर्यंत ते शिळे झाले. दुसरे मागवले. यावेळी भिंगरीनं मला दूर बसवलं.

"रस्ता कसाय?" भावजींनी हळूच विचारलं.

"सपाट आहे. मधे एक खड्डा होता, वहिनींचा."

मग फोटो. मागे पांढरं हवं, मुलगी म्हणाली. पांढऱ्याला आमच्याकडे काय तोटा! गठ्ठ्यांवर झाकायला घेतलेली धुतलेली चादर भिंतीवर टांगली, भिंगरी पुढे उभी राहिली, मी फोटो काढला. पाठवला. थोड्या वेळानं मुलगी म्हणाली, "मावशी, तुमच्या डोक्यावर काळं काय लिहिलंय?"

बघितलं तर दवाखान्याचा शिक्का. 'प्रसूती विभाग', बरोबर कपाळाच्या वर.

"साठीला आलेली बाई आणि प्रसूती विभाग," भिंगरी म्हणाली. "बाळ, हे नूतनीकरण जरा जास्तच होतंय."

पलीकडे फोनवर आणखी दोन-तीन जण हसल्याचं ऐकू आलं. चादर उलटी टांगली, फोटो पुन्हा काढला.

आता डॉक्टरचा दाखला जोडायचा राहिला. तो कसा, कुठं, कुठल्या चौकटीत, हे सगळं त्या मुलीनं सावकाश सांगितलं आणि म्हणाली, "मावशी, एक विचारू? दिवसभर मी लोकांना विचारते, समोर काय दिसतंय. सगळे म्हणतात, 'ते आलं, ते गेलं.' काय आलं आणि काय गेलं, देव जाणे. तुम्ही मला अख्खं पान दाखवलंत. हे कुठं शिकलात?"

भिंगरी लाजली. गाडी चालवणारी बाई लाजते तेव्हा उगीच नाकावरचा घाम पुसते. भावजी फोनच्या दिशेनं वाकले आणि म्हणाले, "तिनं मला रस्ता असाच दाखवलाय, पोरी. आणि तू शिकवतेस ते बरोबर आहे. न बघता शिकवायचं तर घाई करायची नसते. मला अनुभव आहे."

दाखल्यासाठी ती दवाखान्यातच गेली, चादरी टाकता टाकता, हातगाडीनंच, कारण नवीन लायसन बघितल्याशिवाय किल्ली द्यायची नाही असं मालकांनी ठरवलं होतं. डॉक्टरांनी भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. तिनं वरपासून खालच्या बारीक ओळीपर्यंत वाचलं, आणि सवयीनं पुढेही, "खाली उजवीकडे छापखान्याचं नाव आहे, ते वाचू?" डॉक्टर म्हणाले, "नको. हातांना मलम लावा आधी."

दाखला जोडला, अर्ज गेला. आम्ही तिघं रोज टपालाच्या पेटीत डोकावत होतो. मधेच तो मिशीवाला ड्रायव्हर आधीच येऊन दाखल झाला, गाडी बघतो म्हणाला. मालकांनी कुलूप काढून दिलं. त्यानं अंगणातून टेम्पो बाहेर काढला तो दोन चादरी आरशाला लटकवून, विजयाच्या पताका मिरवाव्यात तशा.  मालक भिंगरीकडे बघत राहिले. भिंगरीनं त्या चादरी उचलल्या, झटकल्या आणि पुन्हा धुवायला टाकल्या. एका शब्दानं टोमणा मारला नाही. तिची ही गोष्ट मला कधी जमली नाही. मी असते तर दोन दिवस बोलले असते.

मुदत संपायच्या आधी लायसन आलं. नवीन, गुळगुळीत, मागे नुसतं पांढरं. शिक्क्याचा फोटो भावजींनी टाकू दिला नाही. तो भिंतीवर आहे. त्यांना दिसत नाही, पण आल्यागेल्याला ते आधी तोच दाखवतात. आणि घरात आता कोणी परवानगी मागत नाही, अनुज्ञप्ती मागतात. "वहिनी, चहाची अनुज्ञप्ती आहे का?" असं भिंगरी दारातूनच ओरडते. नसली तर म्हणते, "मग जप्ती करते."

किल्ली परत मिळाली त्या सकाळी ती माझ्या दारात टेम्पो उभा करून हॉर्न वाजवत बसली. "वहिनी, बसा. इतक्या वर्षांत एकदा तरी बसलात का माझ्या गाडीत?" खरंच नव्हते बसले. भावजी सरकले, मी दाराकडच्या बाजूला टेकले. मागे गठ्ठ्यांचा साबणाचा वास. तिनं गाडी सुरू केली आणि त्याबरोबर तोंडही.

"समोर रस्ता मोकळा. डावीकडे वाळूवाल्याचं दार, आज उघडं आहे. रिक्षावाला हात करतोय, करू दे. आता पूल आला बघा. आठवतोय ना हा चढ? धरून बसा दोघं."

गाडी पुलावर चढली. ज्या चढावर मी तिला हातगाडीला जुंपलेली बघितली होती, तोच.

भावजींनी मान वाकडी केली, कान दिला. "अगं, रडतंय ते. गिअर बदल."

"अहो, ते इंजिन नाही," भिंगरी समोर बघत म्हणाली. "वहिनी आहेत."